संध्याकाळी सर्व्हर अडकतो पण सीपीयू २० टक्केच दाखवतो
म्हापशेकर: होमस्टे बुकिंगची साईट आहे, एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाऊडच्या) मुंबई रीजनमध्ये ईसीटूवर, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवर. संध्याकाळी गर्दी झाली की साईट रडते आणि क्लाऊडवॉच (एडब्ल्यूएसचं सर्व्हरवर नजर ठेवायचं टूल) उघडून बघावं तर सीपीयू २० टक्क्यांच्या वर जातच नाही, मग अडतंय कुठे? शिवाय पणजीच्या ऑफिसातून कधी कधी साईटच उघडत नाही, दोष सर्व्हरचा की आमच्या लाईनचा तेच कळत नाही, पावसात तर विचारूच नका. डिसेंबरच्या आत हे मार्गी लावायचंय.

लिनक्सवाला_फोंडा: मशीन टी२ स्मॉल (ईसीटूचा एक छोटा प्रकार) आहे का? असेल तर २० टक्के ही त्याची बेसलाईनच, म्हणजे कायम मिळणारी सीपीयूची ताकद. त्याहून जास्त वापरायला साठलेले क्रेडिट लागतात, ते संपले की तिथेच अडवून ठेवतात, सीपीयू क्रेडिट बॅलन्सचा ग्राफ बघ. मेमरी तर क्लाऊडवॉच आपणहून दाखवतच नाही, त्यासाठी मशीनमध्ये एजंट (छोटा प्रोग्रॅम) टाकावा लागतो, हे अर्ध्या लोकांना माहीत नसतं. आणि फुकटवाले आकडे ५ मिनिटांचे, मधला छोटा झटका सरासरीत गायब.

नेट_मडगाव: लाईनसाठी अपटाईम कुमा (साईट चालू आहे का ते सतत तपासणारं टूल) लाव, पण बाबा त्याच सर्व्हरवर नको, तो मेला तर सांगणार कोण? एक ऑफिसात आणि एक दुसरीकडे कुठेतरी ठेव. ऑफिसवाला ओरडला आणि बाहेरचा गप्प, तर लाईनच गेलीय. राऊटरला पण पिंग लाव, लाईटीचा घोळ असेल तर तिथेच कळेल.

म्हापशेकर: टी२ स्मॉलच आहे, आणि सहानंतर क्रेडिट शून्य! अनलिमिटेड (क्रेडिट संपले तरी न अडवता जादा पैसे लावणारा मोड) केलं तर बिल किती फुगेल?

लिनक्सवाला_फोंडा: रोजचंच असेल तर टी३ (टी२ च्या पुढची पिढी) घे. आणि बजेट अलर्ट (खर्च ठरलेल्या आकड्यावर गेला की कळवणारा) लाव, तो नुसता कळवतो हां, वेगळं सेटिंग केल्याशिवाय मशीन आपोआप बंद करत नाही.