हॅमंडचे कागद: मालकाच्या वहीवरून गुलामांचा इतिहास लिहावा का?

दप्तरबंद

दक्षिण कॅरोलिनातला मळेवाला जेम्स हेन्री हॅमंड याचे कागद सध्या वाचतोय. ४ मार्च १८५८ रोजी अमेरिकी सिनेटमध्ये 'कापूस हाच राजा' असं ठणकावणारा तोच हा. १८३१ साली लग्नामुळे सव्हाना नदीकाठचा सिल्व्हर ब्लफ हा मळा त्याच्या ताब्यात आला, आणि मळ्याबरोबर १४७ गुलाम माणसं. पुढे हा आकडा ३०० च्या वर गेला. वकील, गव्हर्नर, सिनेटर, सगळं करून झालं.

त्याच्या कागदांत काय नाही? डायऱ्या, मुलाला लिहिलेली पत्रं, जन्ममृत्यूच्या याद्या आणि मळा कसा चालवावा याची तपशीलवार नियमावली. तान्ह्या बाळांच्या आयांचे नियमच बघा. बाळ आठ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून तीनदा पाजायला यायचं, दर खेपेला ४५ मिनिटं. उन्हाळ्यात आल्यावर आधी पंधरा मिनिटं अंग थंड होऊ द्यायचं, मगच बाळाला घ्यायचं. अशा बाईचं काम पूर्ण मजुराच्या तीन-पंचमांश धरायचं. वरवर दयाळू वाटतं, पण हिशोब एकच: बाळ जगलं तर मालमत्ता वाढते.

माझं मत स्पष्ट आहे. गुलामगिरीविरुद्ध याहून भक्कम पुरावा विरोधकांनीही दिलेला नाही, कारण हे लिहिणाऱ्याला आपण काही लपवावं असं वाटतच नव्हतं.

कोरडवाहू

असहमत. नियमावली म्हणजे मालकाला जसं दिसायचं होतं तसं. दर आठवड्याला मक्याचं पीठ आणि तीन पौंड डुकराचं मांस द्यावं असं त्यात लिहिलंय. 'द्यावं' आणि 'दिलं' यांत किती अंतर असतं ते रोजगार हमीच्या मस्टरवर काम केलेल्या कोणालाही विचारा. तीनशे माणसांपैकी एकाचंही म्हणणं त्या कागदांत नाही. त्यावर इतिहास उभारायचा म्हणजे फिर्यादीला बाहेर बसवून आरोपीच्या जबानीवर निकाल द्यायचा.

जमाखर्च

नियमावलीबद्दल मान्य, पण धंद्याच्या वह्यांचं तसं नाही. मिसिसिपीतल्या थॉमस ॲफ्लेकने १८४० च्या दशकाच्या अखेरीस मळेवाल्यांसाठी छापील हिशोबवह्या विकायला सुरुवात केली. रोज कोणी किती पौंड कापूस वेचला, त्याचे रकाने त्यात आयते आखलेले. शिवाय प्रत्येक गुलामाची वर्षाच्या सुरुवातीची किंमत आणि वर्षअखेरची किंमत. माणूस जगाशी खोटं बोलेल, पण स्वतःच्या नफ्यातोट्याच्या वहीत खोटं लिहून त्याला काय मिळणार? माझा भरवसा पत्रांपेक्षा या रकान्यांवर जास्त.

कोरडवाहू

रकान्यांवर भरवसा ठेवून काय होतं त्याचं उदाहरण आहे की. लुइझियानातला मळेवाला बेनेट बॅरो रोजनिशी लिहायचा: पाऊस, कापूस, शिकार, घोड्यांच्या शर्यती आणि कोणाला फटके मारले ते. १९७४ मध्ये रॉबर्ट फोगेल आणि स्टॅनली एंगरमन या अर्थतज्ज्ञांनी त्या नोंदींवरून सरासरी काढली: माणशी वर्षाला ०.७ वेळा फटके. वाचून वाटतं, मग एवढं काही नव्हतं! हर्बर्ट गटमन या इतिहासकाराने त्याच नोंदी घेऊन वेगळा भागाकार केला. त्या मळ्यावर दर साडेचार दिवसांनी कोणाला तरी चाबकाने मारलं जात होतं, आणि बाकीचे ते बघत होते. भीती बघणाऱ्यालाही बसते, ती कुठल्या रकान्यात मांडणार? फोगेलना पुढे १९९३ मध्ये नोबेल मिळालं, म्हणजे हे काही कच्च्या गणिताचे लोक नव्हते.

जमाखर्च

पण मग गटमनने खोडलं ते कशाच्या आधारावर? बॅरोच्याच वहीच्या ना? चूक भागाकारात होती. वही नसती तर दोघेही गप्प बसले असते.

मोगरा_अटलांटा

इथे राहून एक गोष्ट रोज कानावर पडते. कृष्णवर्णीय कुटुंबं वंशावळ शोधायला लागली की १८७० ला अडकतात. त्या वर्षीच्या जनगणनेत मुक्त झालेले सगळे लोक पहिल्यांदा नावानिशी आले. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव आहे, गुलामाचं नाही. फक्त वय, लिंग, वर्ण. त्याच्या मागे जायचं तर मालकाची मृत्युपत्रं, विक्रीखतं, कपडे वाटल्याच्या याद्या धुंडाळाव्या लागतात. पणजीचं नाव तिला विकत घेणाऱ्याच्या बाडातच सापडतं. राग येतो, पण दुसरा दरवाजा नाही. त्यामुळे 'हे कागद हवेत की नकोत' हा वाद मला चैनीचा वाटतो.

कोरडवाहू

कागद जाळा असं मी कुठे म्हटलं? १९३० च्या दशकात सरकारी योजनेत पूर्वी गुलाम असलेल्या दोन हजारांहून जास्त वृद्धांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. त्या आधी वाचा, हॅमंड नंतर.

दप्तरबंद

त्या मुलाखती घेणारे बहुतेक गोरे, काळ वर्णभेदी कायद्यांचा, आणि सांगणारे गुलामगिरीच्या वेळी बव्हंशी लहान मुलं. तिथेही गाळून वाचावं लागतंच.

टपरीवरचा

अमेरिकेतल्या मळेवाल्याचं आपल्याला काय पडलंय? पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

वऱ्हाडी

अवांतर: पडलंय म्हणून सांगतो. हॅमंडचा हिशोब असा होता की दक्षिणेचा कापूस थांबला तर इंग्लंड गुडघे टेकेल. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, कापूस थांबला, आणि लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांची नजर आमच्या वऱ्हाड-खानदेशाकडे वळली. मुंबईत पैशाचा पूर आला, कापूस आणि शेअरांचा बडा व्यापारी प्रेमचंद रायचंद याचं राज्य आलं आणि १८६५ ला युद्ध संपताच सगळं कोसळलं. शिवाय जोतीरावांनी १८७३ चं 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांनाच अर्पण केलंय. आणि पेशवाईच्या मोडी कागदांतही कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदीविक्रीच्या नोंदी आहेतच. पॉपकॉर्न जरा बाजूला ठेवा.

दप्तरबंद

कोरडवाहू, तुमच्यासाठी एक कागद. १८५६ मध्ये हॅमंड मुलगा हॅरी याला लिहितो: साली जॉन्सन, तिची मुलगी लुईसा आणि त्यांची मुलं यांना सांभाळ. त्यांतली काही आपलीच मुलं असल्याचं तो मान्य करतो. तरीही त्यांना मुक्त करायला तयार नाही. परक्याच्या हाती जाऊ देऊ नकोस, घरातच गुलाम राहणं त्यांच्यासाठी सगळ्यात सुखाचं, असं बजावतो. १८५८ ला सिनेटमध्ये व्यवस्थेचे गोडवे गाणारा माणूस दोन वर्षं आधी घरात हे लिहीत होता. हे पत्र नसतं तर ते भाषणच इतिहास म्हणून उरलं असतं.

कोरडवाहू

पत्र भयंकर आहे, वादच नाही. पण सालीला यातलं काय मान्य होतं, हे त्या पत्रावरून तुम्ही सांगू शकणार नाही, आणि मीही. संग्रहाच्या सूचीत मात्र मोठ्या अक्षरांत हॅमंड. सूची सालीच्या नावानेही शोधता आली पाहिजे, एवढं तरी मान्य?

मोगरा_अटलांटा

+१. इथल्या लोकांना नेमकं तेच हवंय.

दप्तरबंद

मान्य.

कोरडवाहू

मग पुढच्या भागात नियमावली पुरे. जन्ममृत्यूच्या याद्या टाका, नावांसकट.

दप्तरबंद

टाकतो. त्याही त्याच्याच नोंदी आहेत, मग पुन्हा भांडू नका.