मदत हवी आहे: गिझर लावला की आरसीसीबी पडतो

नमस्कार मंडळी. सदाशिव पेठेत जुन्या वाड्यात राहतो, वायरिंग आजोबांच्या काळातलं. गेल्या महिन्यात आंघोळीच्या वेळी नळाला हात लावताच आईला झिणझिण्या आल्या. मी घाबरून 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (प्रवाह गळला की वीज तोडणारा खटका) बसवून घेतला. आता गिझर लावला की पाच मिनिटांत तो पडतो.

इलेक्ट्रिशियन म्हणतात, "काढून टाकू, एमसीबी आहे की!" मला हे अजिबात पटत नाही. एमसीबी म्हणजे नेहमीचा सर्किट ब्रेकर; त्यातली कॉइल शॉर्टसर्किटच्या मोठ्या प्रवाहानेच खटका पाडते; माणसाचा जीव त्याच्या कितीतरी आधी जातो. आरसीसीबीत फेज आणि न्यूट्रल एकाच गाभ्यातून जातात, दोघांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडतात. प्रवाह कुठे गळला की तोल जातो आणि तो पडतो. म्हणजे गळती खरीच असणार ना?

दोष एलिमेंटचा की वायरिंगचा, हे कसं ओळखायचं? वाड्याचं अर्थिंगही तपासून घ्यायचंय. पेठांमध्ये मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) घेऊन येणारे, परवाना असलेले कोणी माहितीत आहेत का? तोवर गिझर बंद, पाणी गॅसवर तापवतोय. आई पंचाहत्तरीची आहे, कृपया लवकर सांगा.