शब्दचर्चा: पॅसिव्ह पिकअपला 'निष्क्रिय' म्हणावं का?

प्रश्न

इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपवर (तारांचं कंपन टिपून त्याचा विजेचा सिग्नल करणारा भाग) मराठीत लेख लिहितो आहे. ॲक्टिव्हला 'सक्रिय' आणि पॅसिव्हला 'निष्क्रिय' असे प्रतिशब्द घेतले आणि हे वाक्य तयार झालं: "नव्या सक्रिय पिकअपमुळे निष्क्रिय पिकअप बनवणाऱ्या पारंपरिक उत्पादकांना धोका निर्माण झाला आहे." वाचताना मलाच खटकलं. निष्क्रिय पिकअप म्हणजे बंद पडलेला पिकअप वाटतो. दुसरा शब्द सुचवाल का? आणि पिकअपला 'ध्वनिग्राहक' चालेल का?

प्रतिसाद

ध्वनिग्राहक नको. हवेतला ध्वनी पकडतो तो मायक्रोफोन. चुंबकी पिकअपसमोर नायलॉनची तार कितीही छेडा, तो गप्पच राहतो. त्याला पोलादाची तार लागते. पिकअपमधल्या चुंबकामुळे ती तार स्वतःही किंचित चुंबक होते. ती हलली की कॉइलमधून, म्हणजे पिकअपमधल्या तांब्याच्या तारेच्या वेढ्यांमधून, जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि कॉइलमध्ये वीज निर्माण होते. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेलं प्रवर्तन ते हेच. प्रतिशब्द हवाच असेल तर 'कंपनग्राहक' अर्थाला धरून आहे. पण वाजवणारे सगळे पिकअपच म्हणतात, तोच ठेवा.

प्रतिसाद

'निष्क्रिय'बद्दल तुमची शंका रास्त आहे. मराठीत तो शब्द दूषण म्हणूनच येतो: निष्क्रिय प्रशासन, निष्क्रिय सभासद. करायला हवं ते न करणारा, असा त्याचा रोख असतो. इलेक्ट्रॉनिक्समधल्या पॅसिव्हला हा रोख नाही. बाहेरून वीजपुरवठा न घेता जे चालतं ते पॅसिव्ह. पॅसिव्ह पिकअप तर आपली वीज आपणच तयार करतो, त्याला निष्क्रिय म्हणणं अन्याय आहे.

शिवाय या जोडीमुळे वाचकाची आणखी एक दिशाभूल होते. दोन्हींचं मूळ काम वेगळं आहे असं त्याला वाटतं. ॲक्टिव्ह पिकअपमध्येही तारेचं कंपन टिपतात ते चुंबक आणि कॉइलच. फरक असा, की पॅसिव्हमध्ये पुरेसा सिग्नल मिळावा म्हणून जेमतेम ०.०६ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे घालतात. ॲक्टिव्हमध्ये वेढे सहसा कमी असतात आणि मिळालेला क्षीण सिग्नल त्याच डबीत बसवलेला छोटा प्रीॲम्प वाढवतो. त्या प्रीॲम्पला ९ व्होल्टची बॅटरी लागते. यामुळे घरघर कमी होते आणि केबल लांब असली तरी वरच्या पट्टीतली चमक टिकते. पॅसिव्हमध्ये लांब केबल ही चमक खाते.

मी सरळ 'बॅटरीचा पिकअप' आणि 'बिनबॅटरीचा पिकअप' लिहीन. दिसायला साधे शब्द आहेत, पण खरा फरक तेच सांगतात.

प्रतिसाद

वरच्या सूचनेला अनुमोदन, पण एक अडचण आहे. बेस गिटार वाजवणारे 'ॲक्टिव्ह बेस' म्हणतात तेव्हा पुष्कळदा पिकअप बिनबॅटरीचाच असतो आणि प्रीॲम्प गिटारच्या पोटात वेगळा बसवलेला असतो. म्युझिक मॅन कंपनीचा १९७६ चा स्टिंगरे बेस असाच होता. म्हणून बॅटरी पिकअपची की वाद्याची, हे लेखात स्पष्ट करा. नाहीतर वाचक चुकीचा पिकअप विकत घेईल.

प्रतिसाद

मला 'पारंपरिक' आणि 'धोका' या दोन शब्दांवर लिहायचं आहे, कारण तुमच्या वाक्याचा सगळा भार त्यांच्यावर आहे.

पिकअप १९३० च्या दशकापासून आहे. पण तेव्हा तो बहुतेक वेळा गिटारबरोबरच यायचा. जुना काढून दुसऱ्याने बनवलेला बसवायचा, हा स्वतंत्र धंदा १९७० च्या दशकात उभा राहिला. पिकअप बनवणाऱ्या कंपन्यांपैकी डिमार्झिओ १९७२ ची, सेमूर डंकन १९७६ ची. आणि बॅटरीच्या पिकअपसाठी ओळखली जाणारी ईएमजी? तीही १९७६ चीच. म्हणजे ज्यांना आपण परंपरा आणि आक्रमक म्हणतो आहोत ते एका वयाचे आहेत. इतकी वर्षं दोघं शेजारी नांदले. सेमूर डंकनने बॅटरीचे पिकअप काढले, ईएमजीने बिनबॅटरीचे काढले. तेव्हा 'पारंपरिक'ऐवजी 'तार गुंडाळून पिकअप बनवणारे' लिहा.

खरा बदल २०१४ मध्ये आला. फिशमन कंपनीने फ्लुएन्स नावाचे पिकअप आणले आणि त्यांत गुंडाळलेली तारच काढून टाकली. तिच्या जागी छापील सर्किटचे थर एकावर एक रचलेले आहेत. प्रत्येक नग दुसऱ्यासारखा, आणि बटण ओढलं की त्याच पिकअपचा आवाज बदलतो. इथे प्रश्न बॅटरीचा राहिला नाही, गुंडाळण्याच्या कामाचा झाला.

तरीही मी 'धोका' लिहिणार नाही, 'झळ' लिहीन. झळ आगीच्या जवळ उभ्या असलेल्याला लागते, सगळ्यांना नाही. एकाच पिकअपमध्ये दोन-तीन आवाज मिळू लागले, तर त्या प्रत्येक आवाजासाठी वेगळा पिकअप विकणाऱ्याला ती लागेल. हाताने तार सोडत गुंडाळणाऱ्याचं तसं नाही. त्याचे वेढे थोडे वाकडे-तिकडे पडतात, त्याने आवाजात बारीक फरक येतो, आणि गिऱ्हाईक त्या फरकासाठीच येतं. गिटार बनवणाऱ्या गिब्सनच्या १९५० च्या दशकातल्या 'पेटंट अप्लाइड फॉर' (पेटंटसाठी अर्ज केला आहे) अशा चिकटपट्टीच्या हंबकरमध्येही, म्हणजे घरघर कमी करणाऱ्या दोन कॉइलच्या पिकअपमध्येही, नगानगात फरक आहे. लोक आजही त्यांतला आपल्याला भावलेला नग शोधत असतात. एकसारखेपणा हा गुण असलेल्या वस्तूने ही गरज कशी भागेल?

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. वाक्य बदललं: "छापील सर्किटच्या नव्या पिकअपची झळ तार गुंडाळून पिकअप बनवणाऱ्या काहींना लागेल." एक शेवटची शंका. फ्लुएन्समध्ये तार गुंडाळलेली नाही, तर त्याला 'कॉइल' म्हणता येईल का? आणि 'वेढे' म्हणावेत का?

प्रतिसाद

दोन्ही चालतील. छापलेली तांब्याची रेघही चक्राकार फिरत जाते, तेव्हा कॉइल आहे आणि वेढेही आहेत. फक्त 'वाइंडिंग' आणि 'गुंडाळी' तिथे लिहू नका.