लंडनहून शेंगेन: अर्ज कुठे आणि कधी

भारतीय पासपोर्टवर लंडनहून पॅरिस आणि स्वित्झर्लंड करायचं तर शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या शेंगेन गटाच्या सगळ्या देशांत चालणारा एकच व्हिसा) भारतात जावं लागेल का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात नाही. कायदेशीर वास्तव्य जिथे, तिथूनच अर्ज. ज्या देशात जास्त दिवस मुक्काम, त्याच्याकडे तो करायचा; दिवस सारखे असतील तर जिथे आधी शिरणार त्याच्याकडे. अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज टाका, असा सल्ला कुणी दिला तर तो कृपया मानू नका.

प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्यात जायचं असेल तर तेव्हापासूनच मागे लागा. विमा किमान ३०,००० युरोंचा, पासपोर्ट परतीनंतर निदान ३ महिने चालणारा.

आईबाबा पुण्याहून येऊन तुमच्यासोबत निघणार असतील तर त्यांचा शेंगेन मात्र तिकडूनच करून आणा. ते लंडनला पाहुणे, रहिवासी नव्हेत. इथून अर्ज करायचा तर भारतातून का केला नाही, याचं पटण्याजोगं कारण द्यावं लागतं, आणि ‘तिथे वेळ झाला नाही’ हे काही कारण नव्हे!

जाता जाता: आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, त्याचं वेगळं बघा.