गावच्या घराची कौलं शाकारायची की सरळ पत्रे घालायचे? (आणि मुलांची मे महिन्याची सुट्टी)

डोंबिवलीची_सून

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. सासरचं मूळ घर देवगड तालुक्यात, चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं. वर्षातून दोनदाच नीट उघडतं, मे महिना आणि गणपती, एरवी शेजारच्या काकी दिवा लावतात, केर काढतात तेवढंच. गेल्या गणपतीत माजघरात टोपं मांडून ठेवली होती, रात्रभर टपटप, आणि ओटीवरच्या एका वाशाला सहज बोट लावलं तर भुसाच हातात आला. दिरांचं म्हणणं की यंदा मे मध्ये सगळी कौलं उतरवून पत्रे घालून मोकळं होऊ, परत बघायला नको. काकी म्हणतात पत्र्याखाली दुपारी जेवायला तरी बसवेल का आणि गणपतीची माटवी (मूर्तीच्या वर फळं-पानं बांधून टांगतात ती चौकट) कशाला टांगणार. सासूबाई दोघांच्याही बोलण्यावर मान डोलावतात. नवरा म्हणतो तू ठरव, म्हणजे उद्या काही झालं की कोणाच्या नावावर ते कळलंच असेल.

त्यात मुलगी पाचवीत, मुलगा पहिलीत, त्यांना वर्षभर सांगून ठेवलंय की गावाला जायचं, आंबे खायचे, समुद्रावर जायचं. आता सुट्टी लागल्यावर सगळी वरात घेऊन गेलो आणि वर छप्परच नाही असं झालं तर?? घर सामाईक आहे, दीर आणि दोन चुलत दीर, पैसे सगळे देतो म्हणतायत (म्हणतायत). कोणी हे केलंय का अलीकडे? काय घातलंत?

खळ्यातला

गावातच राहतो, घर कौलारूच आहे, म्हणून लिहितोय. आधी एक करा, गळतंय कुठे ते बघा, सगळं छप्पर कधीच गळत नसतं. नव्वद टक्के वेळा दोन पाखी (छपराच्या उतरत्या बाजू) जिथे मिळतात तिथली पन्हळ गंजलेली असते नाहीतर कोन्यांचा (आढ्यावरच्या कौलांचा) माल फुटलेला असतो, आणि लोक त्यासाठी अख्खं घर उघडतात. दिवसा माजघरातले दिवे बंद करून वर बघा, उजेडाचं टिंब दिसलं की तिथे खडूने खूण करा. हे काम मुलांना द्या, आवडीने करतात.

वाशांचं मात्र सिरियसली घ्या. सुताराला सांगा पेचकस घेऊन प्रत्येक वासा टोकाला म्हणजे भिंतीत शिरतो तिथे टोचून बघ, वाळवी तिथूनच चढते. मधला भाग वाजवलात तर चांगला वाजतो आणि फसायला होतं. गेलेले वासे तेवढे बदला, ऐन किंवा किंजळ मिळाला तर उत्तम, नाहीतर जुन्या घराचा मोडीतला वासा घ्या, नव्या ओल्या लाकडापेक्षा तो केव्हाही बरा. वरून काजूच्या टरफलांचं तेल मारा पण हातमोजे घालून, अंगावर उडालं तर भाजल्यासारखं सोलतं, मुलांना त्या दिवशी लांब ठेवा.

कौलांचा हिशोब असा की एका ब्रासला, म्हणजे शंभर चौरस फुटाला, साधारण दीडशे लागतात. सगळी नवीन आणायला जाऊ नका, जुनी उतरवून घासून परत चढवायची, टिचकी मारायची, खणखणीत वाजलं की ठेवायचं, बद्द वाजलं की बाजूला. नवीन आणाल तेव्हा जुनं एक कौल सोबत न्या कारण दर कारखान्याची खाच वेगळी असते, एकमेकांत बसत नाहीत आणि मग पुन्हा तिथूनच गळतं. आणि कौल उलटं केल्यावर मागे १८६५ दिसलं तर आपलं घर तेवढं जुनं असं समजून स्टेटसला फोटो टाकू नका, 😄 बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढला त्याचं ते साल, आमच्याकडे दरवर्षी कोणी ना कोणी चाकरमानी फसतो.

माणसं मात्र आत्ताच बघा, शिमग्याच्या आधी. मे मध्ये निम्मी माणसं आंब्यावर असतात, बागेत नेपाळी गडी असले तरी पेटी भरायला, गाडी लावायला गावातलेच लागतात. आणि काम १५ मे च्या आत संपलं पाहिजे. २०२५ ला २५ मे लाच पाऊस आला होता, आमच्या वाडीत एकाचं अर्धं घर उघडं होतं, वर ताडपत्री धरायला रात्री सगळी वाडी.

संगमेश्वरी

वरच्या सगळ्याला मान आहे पण मी पत्रे घातलेत आणि मला पश्चात्ताप नाही. कारण एकच, वांदर. रानाला लागून घर आहे, टोळी आली की पाखीवरून धावत जाते, फुटलेलं कौल आपल्याला मुंबईत बसून कळत नाही, पावसाळाभर पाणी भिंतीत मुरतं आणि गणपतीत दार उघडतो तेव्हा जमीन पोपडे टाकून बसलेली असते. घरात माणूस राहणारं असेल तर कौलं, कारण तो फुटलेलं कौल त्याच दिवशी बदलतो. बंद घराला कौलं म्हणजे हौस आहे, आणि हौसेचं भाडं दरवर्षी भरावं लागतं. तुमच्या काकी शाकारायला वर चढणार आहेत का?

गरम होतं हे खरं, पावसाचा आवाज एवढा की फोनवर बोलता येत नाही. आम्ही ओटी आणि माजघराला खालून लाकडी पट्ट्यांचं सिलिंग केलं, बरंच कमी झालं. माटवी सिलिंगच्या खाली हुक ठेवून टांगतो, गणपतीने अजून तक्रार केलेली नाही. तुम्ही समुद्राजवळ असाल तर साधा पत्रा आणि साधे लोखंडी पाइप घालू नका, खारं वारं दोन-चार पावसाळ्यात खातं, रंगाचा कोट चांगला असलेला घ्या आणि स्क्रूचे वॉशर बघून घ्या, गळती तिथूनच सुरू होते.

कणकवलीचो

पत्रो घालू नकात गो बाय. उन्हात घराची भट्टी होता. वांदर काय आजच इले काय, आमच्या आजोबांच्या वेळेकपण होतेच.

संगमेश्वरी

@कणकवलीचो तेव्हा आजोबा घरात होते हो, आणि काठी घेऊन होते.

माहेर_वेंगुर्ला

पत्रे कौलं तुम्ही लोक बघा, मी मुलांचं सांगते. दोन्ही एकदम करू नका. नवऱ्याला आणि दिरांना एप्रिलअखेर पुढे पाठवा, छप्पर उघडायचं झाकायचं ते उरकू दे, तुम्ही मुलं आणि सासूबाई मागाहून जा. तिकीट आत्तापासून डोक्यात ठेवा, रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधीच उघडतं, म्हणजे १ मे चं तिकीट मार्चच्या सुरुवातीला, आणि मांडवी काय कोकणकन्या काय, सकाळी आठला उघडून मिनिटांत वेटिंगला जातं. कणकवलीला उतरा, तिथून रिक्षा-टेम्पो आधी सांगून ठेवा, सामान आणि दोन मुलं घेऊन दुपारी एसटी स्टँडवर उभं राहणं नको.

फिरायचं म्हणाल तर एका दिवशी एकच ठिकाण. कुणकेश्वर संध्याकाळी, देऊळ आणि वाळू एकत्रच, मुलं घरी यायचं नाव घेत नाहीत. विजयदुर्ग सकाळी लवकर, दहानंतर तटावर पाय भाजतात. मालवणला सिंधुदुर्ग किल्ला करायचा असेल तर मे च्या शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका, पावसाळ्यासाठी बोटी बंद होतात. सावंतवाडीला चितारआळीत लाकडी खेळणी आणि लाकडी फळं बघायला न्या, माझ्या लेकीने खेळण्यातली भाजी सोडून लाकडी वांगंच उशाशी घेतलं होतं. बाकी दिवस नुसते घरी राहू द्या हो, विहिरीवर अंघोळ आणि काकींच्या मागे मागे फणसाची साटं वाळत घालायला. साटं चोरून खातात ती ओलीच, पोट बिघडतं, ओवा जवळ ठेवा.

डोंबिवलीची_सून

बापरे किती लिहिलंत सगळ्यांनी, थँक्यू. काल दिरांना फोन केला, आता शिमग्याला ते आणि हे दोघं जाणार, सुतार घेऊन वासे टोचून बघणार, तोपर्यंत पत्र्याचं नाव काढायचं नाही असं ठरलंय. घर समुद्रापासून लांब आहे पण मागे काजूचं रान, वांदर आहेतच. काकींना विचारलं फुटलं तर कोण बदलणार, त्या म्हणाल्या खालच्या वाडीतला एक जण आहे, वर्षाचे पैसे ठरवून दिले तर पावसात दर पंधरा दिवसांनी बघून जाईल. हे असं कोणी करतं का? आणि सगळ्या घरांचा खर्च कागदावर कसा मांडावा, चुलत दिरांना वाईट न वाटता?

खळ्यातला

करतात, आमच्या वाडीत तीन बंद घरं तशीच चाललीयत. पैसे एकदम देऊ नका, निम्मे पावसाआधी आणि निम्मे गणपतीत घर बघून, आणि जास्तीची पंचवीस-तीस कौलं पडवीत रचून ठेवा नाहीतर बदलायला आणणार कुठून. कागदाचं म्हणाल तर आधी ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढा, घर कोणाकोणाच्या नावावर लागलंय ते बघा, मग त्या सगळ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि दर बिलाचा फोटो त्यात. हिशोब लिहायला सासूबाईंना बसवा, त्यांच्यासमोर कोणी घासाघीस करणार नाही.

संगमेश्वरी

माणूस मिळत असेल तर मग कौलंच ठेवा, माझं काही म्हणणं नाही. पन्हळीला मात्र चांगला जाड पत्रा घाला, तिथे काटकसर नको.