भागलपूरची डॉल्फिन सहल पाहून नांदूर मध्यमेश्वरला काय आणता येईल?

गोदाकाठ_निफाड
आमच्या निफाडजवळच्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात पाहुणे आणायचा विचार आहे, म्हणून मच्छीमार सोसायटीतले बारा जण डिसेंबरात बिहारमधल्या भागलपूरला चाललेत. तिथे विक्रमशिला अभयारण्यात, म्हणजे सुलतानगंज ते कहलगावच्या गंगेत, होडीतून डॉल्फिन दिसतात. नेमके काय बघून यावे? आणि पाहुण्यांकडून आलेले पैसे कसे वाटावेत?

डोहकाठ
भाऊ, महिना बरोबर निवडलात. पाणी उतरले की सोंस (तिकडचे नाव) डोहात, वळणावर, संगमावर गोळा होतात. मासाही तिथेच, म्हणून तंगूसही (पाण्यात उभे लावायचे नायलॉनचे बारीक जाळे) तिथेच लागते. खरे दुखणे हेच आहे. या प्राण्याला जवळपास दिसत नाही, आवाज सोडून पडसादावर तो मासा शोधतो. जाळ्यात अडकला की श्वासाला वर येता येत नाही, गुदमरतो. तेव्हा आधी कुठल्या डोहावर कुठले जाळे लागते ते विचारा, होड्या नंतर. पूर्वी आमिषाला डॉल्फिनचेच तेल वापरत. माशाच्या आतड्यांचे तेल तेच काम करते, तेही विचारून या.
होडीवाला कसा चालवतो ते बघा. शंभरेक मीटर आधी इंजिन बंद, मग प्रवाहाबरोबर वाहत यायचे, वल्हे फक्त दिशेपुरते. सोंस मिनिट-दोन मिनिटांनी क्षणभर वर येतो, मागे धावून काही हाती लागत नाही. एका डोहावर वीस मिनिटे पुरे.

पाणथळ
होडी मात्र इकडे आणू नका, कळकळीने सांगतो. २०२० साली राज्यातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालेली ही जागा आहे. चक्रवाक, थापट्या ही बदके दिवसा पाण्यावर विसावतात. होडी शिरली की अख्खा थवा उठतो आणि परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी उडण्यात जाते. मनोरा, तिपाईवरची दुर्बीण आणि पाणी ओळखणारा तुमचा माणूस, एवढ्यावर उत्तम काम होते. वनखात्याची परवानगी आधी.

जाळेवाला
वाटणीत एक गोष्ट सोडू नका: तंगूस लावणाऱ्याला हिस्सा नसेल तर कुठलाही नियम महिनाभरही टिकत नाही. पावती एकाच ठिकाणी फाडा, गाईडची पाळी वहीत लिहा. सहा पाहुण्यांचे २०० प्रमाणे १२०० आले, तर ६०० पाळीवाल्याला, ३०० जाळेबदलीला, ३०० सोसायटीत. जाळेबदली म्हणजे तंगूस जमा करणाऱ्याला पाग (हाताने फेकायचे जाळे) किंवा मोठ्या आसाचे (भोकांचे) जाळे. पक्ष्यांचा हंगाम चारच महिने, पोट मासळीवरच राहणार, हे धरून हिशोब मांडा.

गोदाकाठ_निफाड
तंगूस रात्री लावून पहाटे उचलले तर?

पाणथळ
फायदा होतो. पाणकावळे, टिबुकली दिवसा बुडी मारतात आणि तंगुसात अडकून मरतात. उजाडायच्या आत जाळे बाहेर हवे. गंगेत मात्र हा उपाय चालत नाही, सोंस रात्रीही फिरतो. शिवाय प्रत्येक जाळ्याच्या बोयावर मालकाचा नंबर रंगवा. सुटून गेलेले जाळे कोणाचे ते कळते, आणि काढायला कोणाला बोलवायचे तेही.