विभागातला साप्ताहिक सेमिनार: एमएस्सीची मुलं टिकत नाहीत, काय करावं?

गोदाकाठ_गणित
नमस्कार. आमच्या गणित विभागात (नांदेड भाग) दर शनिवारी दुपारी ३ ला संशोधन सेमिनार असतो. शनिवारच, कारण बरेच पीएचडीचे विद्यार्थी हिंगोली, परभणी, लातूरकडच्या कॉलेजांत शिकवतात. विषय बहुतेक फिक्स्ड पॉइंट (फलन लावूनही जो जागचा हलत नाही असा बिंदू) आणि फ्रॅक्शनल डिफरन्शियल इक्वेशन्स (ज्यांत अर्धा, पाऊण अशा अपूर्णांकी ऑर्डरचे डेरिव्हेटिव्ह येतात ती समीकरणं). पहिल्या दोन टॉकना एमएस्सीची मुलं येतात. नंतर वक्ता, त्याचे गाईड आणि दोन-तीन संशोधक उरतात. टॉक दीड तासावर जातो, प्रश्न एकही येत नाही. बाहेरचे वक्तेही बोलवायचे आहेत. कुठून सुरुवात करावी?

स्थिरबिंदू
सर, टॉकच्या पहिल्या २० मिनिटांपासून करा. तो वेळ एमएस्सी दुसऱ्या वर्षाच्या मुलांचा, हे वक्त्याला आधीच सांगा. आपल्याकडे टॉक उघडतो तोच सहा व्याख्या आणि चार लेमांनी (सिद्धतेत लागणाऱ्या छोट्या प्रमेयांनी), आणि उदाहरण शेवटच्या स्लाइडवर, तेही वेळ उरला तर. मुलं तिथंच सुटतात.

फिक्स्ड पॉइंटचा टॉक असेल तर बानाखचं प्रमेय (१९२२) लिहा: कम्प्लीट अवकाशात (जिथं एकमेकांच्या जवळ येत जाणाऱ्या बिंदूंची मर्यादा आतच सापडते) कॉन्ट्रॅक्शनला, म्हणजे दर दोन बिंदूंमधलं अंतर १ पेक्षा कमी अशा एकाच ठरावीक स्थिरांकाच्या पटीत किंवा त्याहून कमी करणाऱ्या फलनाला, एकच फिक्स्ड पॉइंट असतो. मग लगेच विचारा: कॉन्ट्रॅक्शनचा स्थिरांक १ पेक्षा कमी कशाला हवा, अंतर नुसतं घटलं तर चालणार नाही का? मग फळ्यावर १ पासून अनंतापर्यंतच्या अंतरालावर एफ(एक्स) = एक्स + १/एक्स घ्या. कुठल्याही दोन बिंदूंमधलं अंतर घटतं, अंतराल कम्प्लीटही आहे, तरी फिक्स्ड पॉइंट नाही, कारण १/एक्स कधी शून्य होत नाही. पाच मिनिटांत होतं, आणि पुढची प्रत्येक कमकुवत केलेली अट कशासाठी आहे ते मुलांना कळतं.

फ्रॅक्शनलमध्येही तसंच. टी या फलनाचा अर्धा डेरिव्हेटिव्ह २√(टी/π) येतो, तो करून दाखवा. नंतर स्थिरांकाचा: फ्रॅक्शनल डेरिव्हेटिव्हच्या दोन नेहमीच्या व्याख्यांपैकी रीमान-ल्यूव्हीलच्या व्याख्येनं तो शून्य येत नाही, कॅपुटोच्या व्याख्येनं येतो. शून्य ते एकमधल्या ऑर्डरला कॅपुटो घेतलं की सुरुवातीची अट नेहमीसारखी लिहिता येते, ती का, हे इथंच उलगडतं. सिद्धता एकच, तीही मुख्य पायरीपुरती. बाकीची पेपरात वाचता येते.

खडू_डस्टर
वरच्या उत्तराशी पूर्ण सहमत. वेळेचं: ५० मिनिटं टॉक, १० मिनिटं प्रश्न. ४५ व्या मिनिटाला अध्यक्षांनी उभं राहायचं, वक्ता कितीही ज्येष्ठ असो. स्लाइड २० ते २५, त्याहून जास्त झाल्या की वक्ता वाचत सुटतो. फळ्यावर अक्षर किमान दोन इंच उंच. फळ्याची खालची फूटभर जागा मागच्या बाकांना दिसत नाही, ती सोडा. एचडीएमआय-व्हीजीए कन्व्हर्टर विभागाचाच ठेवा आणि स्लाइडची पीडीएफ पेनड्राइव्हवर आदल्या दिवशी घ्या. फॉन्ट बिघडले की चिन्हांच्या जागी चौकोन येतात. ऑनलाइन जोडणार असाल तर कॉलर माईक हवाच, लॅपटॉपच्या माईकला आवाजाआधी पंखा आणि कूलर ऐकू येतो.

टिपणी_मंजूर
बाहेरच्या वक्त्यांसाठी टिपणी (खर्चाच्या मंजुरीचा कार्यालयीन प्रस्ताव) महिनाभर आधी टाका: प्रवासभत्ता, मानधन, मुक्काम, तिन्ही एकाच टिपणीत. वक्ते परत निघण्याआधी मूळ तिकीट, पॅनची प्रत, रद्द केलेला चेक आणि सहीचं बिल घ्या. एक कागद राहिला तरी बिल परत येतं. देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबईहून रात्री निघालेले वक्ते सकाळी नांदेडला उतरतात, त्यामुळं दुपारचा ३ चा टॉक सोयीचाच आहे. दोन-तीन दिवसांची कार्यशाळा करायची तर राष्ट्रीय उच्चतर गणित मंडळाकडं अनुदानासाठी अर्ज करता येतो. २२ डिसेंबरच्या गणित दिनाला मात्र सगळेच विभाग वक्ते शोधतात, तेव्हा ती तारीख दिवाळीआधीच ठरवा.

गोदाकाठ_गणित
सगळ्यांचे आभार. प्रश्न येण्यासाठी काय करता येईल? गाईडसमोर मुलं बोलत नाहीत.

स्थिरबिंदू
पहिले दोन प्रश्न विद्यार्थ्यांचेच, प्राध्यापकांचे नंतर, असा नियम करा. १५० शब्दांचा ॲब्स्ट्रॅक्ट सात दिवस आधी लावा, त्याखाली ‘आधी काय माहीत हवं’ अशी एक ओळ द्या. टॉकआधी अडीच वाजता एखाद्या संशोधक विद्यार्थ्यानं २० मिनिटं मराठीत त्या व्याख्या समजावून द्याव्यात, संज्ञा इंग्रजीच राहू द्या. त्या वेळी प्राध्यापकांनी वर्गात बसू नये.